ऑरगॅनिकमधला एक ‘सी’ आणि अमेरिकेतील मेडिकलचा अर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेमिस्टरचे निकाल डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि मे महिन्यात लागतात, आणि त्याच दोन आठवड्यांत आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचे मला सर्वाधिक फोन येतात. मुलगा किंवा मुलगी प्रीमेड (पदवीनंतर मेडिकलला जाण्याच्या तयारीत) आहे, आतापर्यंत सगळे ‘ए’ होते आणि आता एका विषयात ‘सी’ आला आहे. हा विषय बहुतेक वेळा ऑरगॅनिक केमिस्ट्री असतो. माझी मुलगी याच अनुभवातून गेली आणि आज ती मेडिकल कॉलेजात शिकते आहे. त्यानंतरच्या काळात मी अनेक मुलांचे अर्ज जवळून पाहिले. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. ही माहिती अमेरिकेतील एमडी आणि डीओ (तेथे डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या) प्रवेशांसाठी आहे. भारतातील एमबीबीएस प्रवेशाचा उल्लेख शेवटी थोडक्यात केला आहे.

एका विषयात ‘सी’ आला, तर मेडिकलचा रस्ता बंद होतो का?

नाही. हे उत्तर मी धीर देण्यासाठी देत नाही. येथील प्रवेशाची रीतच तशी आहे.

आपल्या पिढीची भीती वेगळ्या पद्धतीतून आलेली आहे. आपण बारावीला असताना फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी यांच्या बेरजेवर गुणवत्ता यादी लागत असे, पुढे सीईटी आली आणि आता नीट आहे. पण तिन्ही पद्धतींत एका आकड्यावर सगळ्यांना वरून खाली लावले जाते आणि जागा संपल्या की यादी संपते. ‘दोन मार्कांनी मेडिकल हुकले’ हे वाक्य ज्याने आपल्या घरात ऐकले आहे, त्याला एका ‘सी’ची धडकी भरणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत अशी एकच एक यादी नसते. प्रत्येक मेडिकल कॉलेजची प्रवेश समिती जीपीए (ग्रेडची सरासरी), एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), चार वर्षांची संपूर्ण ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), निबंध, शिफारसपत्रे, रुग्णालयातील अनुभव आणि मुलाखत हे सगळे एकत्र पाहते. एक ‘सी’ या सगळ्यात दिसतो, त्याविषयी प्रश्नही विचारला जाऊ शकतो. परंतु केवळ तेवढ्यावर अर्ज बाजूला पडत नाही.

स्पर्धा मात्र खरोखर तीव्र आहे. अलीकडच्या वर्षांत एमडीच्या साधारण २३ हजार जागांसाठी ५० हजारांहून अधिक अर्जदार असतात, आणि प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७५ च्या आसपास किंवा त्याहून वर, तर एमकॅटची सरासरी ५११ ते ५१२ च्या घरात असते. म्हणून ‘काही होत नाही’ असे म्हणून विषय झटकून टाकणेही चूक ठरेल.

आकड्यांत नेमके किती नुकसान होते?

हा हिशोब प्रत्येक कुटुंबाने एकदा कागदावर करून पाहावा, कारण मनात धरलेले नुकसान आणि खरे नुकसान यांत फार अंतर असते.

एमडीचे बहुतेक अर्ज ‘ॲमकॅस’ या सामाईक अर्जसेवेमार्फत जातात. तिच्या मोजणीत ‘ए’ला ४.०, ‘ए मायनस’ला ३.७, ‘बी प्लस’ला ३.३, ‘बी’ला ३.० आणि ‘सी’ला २.० गुण असतात. कॉलेज ‘ए प्लस’ला जास्त गुण देत असले तरी येथे ते ४.० च धरले जातात. ग्रेडचे गुण आणि कोर्सची क्रेडिट्स (कोर्सचे वजन दाखवणारा आकडा) यांचा गुणाकार करायचा, सगळ्या कोर्सेसची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिट्सनी भागायचे.

समजा, ऑरगॅनिकचा कोर्स ४ क्रेडिट्सचा आहे. ‘ए’ आला असता तर १६ गुण मिळाले असते, ‘सी’मुळे ८ मिळाले, म्हणजे तोटा ८ गुणांचा. बाकी सगळे ‘ए’ आहेत असे धरू. पहिल्या सेमिस्टरअखेर मुलाकडे १५ क्रेडिट्स असतील, तर जीपीए ४.० वरून ३.४७ वर कोसळतो, आणि हाच आकडा पाहून घरात रडारड होते. दुसऱ्या वर्षाअखेर ६० क्रेडिट्स झाल्यावर त्याच ‘सी’सह जीपीए ३.८७ होतो. पदवीअखेर १२० क्रेडिट्सवर तो ३.९३ असतो. ‘सी’ तोच आहे, फक्त त्याचा वाटा कमी कमी होत गेला.

अर्थात सगळेच विद्यार्थी बाकी विषयांत ‘ए’ घेत नाहीत, आणि येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे मला भाग आहे. अनेकदा आईवडील एका ‘सी’विषयी तळमळीने बोलत असतात आणि ट्रान्सक्रिप्ट उघडल्यावर दिसते, की खरी अडचण त्या ‘सी’ची नसून त्याच्या आजूबाजूच्या सहा-सात ‘बी मायनस’ची आहे. ‘सी’ डोळ्यांत खुपतो म्हणून तो आठवतो. जीपीए ३.४ असेल, तर तो एका ‘सी’ने तिथे गेलेला नसतो, आणि उपाय शोधताना ही गोष्ट स्वतःशी मान्य करावी लागते.

कॅलिफोर्नियातील अनेक विद्यापीठांप्रमाणे तुमच्या कॉलेजात क्वार्टर पद्धत असेल, तर ॲमकॅस त्या क्रेडिट्सचे सेमिस्टरच्या क्रेडिट्समध्ये रूपांतर करते; एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचे दोन-तृतीयांश क्रेडिट.

‘सायन्स जीपीए’ वेगळा असतो म्हणतात, तो कोणता?

ॲमकॅस बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या विषयांचा स्वतंत्र जीपीए काढते, आणि त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीसीपीएम’ म्हणतात. या विषयांची क्रेडिट्स एकूण क्रेडिट्सच्या जवळपास निम्मी असल्यामुळे ऑरगॅनिकमधला ‘सी’ येथे दुप्पट जाणवतो. मघाचेच उदाहरण घेतले, तर ५६ बीसीपीएम क्रेडिट्सवर ८ गुणांचा तोटा म्हणजे ४.० ऐवजी ३.८६. हाच ‘सी’ इतिहासाच्या कोर्समध्ये आला असता, तर तो एकूण जीपीएत मोजला गेला असता, सायन्स जीपीएला मात्र धक्का लागला नसता.

‘सी’, ‘सी मायनस’, ‘डी’ आणि ‘एफ’ यांत खरोखर फरक आहे का?

फार मोठा फरक आहे. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स यांसारख्या अनिवार्य कोर्सेसमध्ये किमान ‘सी’ हवा, अशी अट अनेक मेडिकल कॉलेजे घालतात. ‘सी’ आला तर अट पूर्ण होते. ‘सी मायनस’ आला तर आकड्यांत फरक फक्त ०.३ चा असला, तरी अनेक ठिकाणी अट पूर्ण होत नाही आणि कोर्स पुन्हा करावा लागतो. ‘डी’ किंवा ‘एफ’ असेल तर पुन्हा करण्याला पर्याय नाही. ज्या कॉलेजांत अर्ज करायचा आहे, त्या प्रत्येकाच्या संकेतस्थळावरील अटी वाचून घ्याव्यात, कारण काही कॉलेजांनी अनिवार्य कोर्सची यादीच सैल केली आहे आणि काहींनी ती कडक ठेवली आहे.

‘सी’ आलेला कोर्स पुन्हा करावा का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: ‘सी’ असेल तर सहसा करू नये, ‘सी मायनस’ किंवा त्याखाली असेल तर करावा.

पहिली गोष्ट म्हणजे अनेक कॉलेजांत कोर्स पुन्हा केल्यास जुनी ग्रेड पुसली जाते आणि मुले समजतात की मेडिकलच्या अर्जातही तसेच होईल. तसे होत नाही. ॲमकॅस दोन्ही प्रयत्न मोजते. डीओ कॉलेजांच्या ‘ॲकोमास’ या अर्जसेवेत पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे, पण ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. तेव्हाची माहिती अजूनही लोकांच्या तोंडी फिरते आहे आणि त्यावर विसंबून आजही मुले एक संपूर्ण उन्हाळा खर्ची घालतात.

दुसरी गोष्ट हिशोबाची आहे. ४ क्रेडिट्सच्या कोर्समध्ये आधी ‘सी’ आणि मग ‘ए’ आला, तर ८ क्रेडिट्सवर सरासरी ३.० म्हणजे ‘बी’ होते. आता त्याच ४ क्रेडिट्समध्ये ऑरगॅनिक पुन्हा न करता बायोकेमिस्ट्री घेतली आणि त्यात ‘ए’ मिळवला, तर जीपीएवरचा परिणाम काटेकोरपणे तेवढाच होतो. दोन्ही वाटांनी आकडा सारखाच वाढत असेल, तर समितीला काय दिसते ते महत्त्वाचे ठरते. जुना अभ्यासक्रम दुसऱ्यांदा शिकून ‘ए’ मिळवणे हे अपेक्षितच असते. ऑरगॅनिकच्या पायावर उभा असलेला, त्याहून पुढचा कोर्स घेऊन त्यात ‘ए’ मिळवला, की पाया पक्का झाला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

अपवाद एकच. ऑरगॅनिकच्या पहिल्या भागात ‘सी’ आला आणि विषय खरोखर कळलाच नाही, असे मुलगा प्रामाणिकपणे सांगत असेल, तर दुसऱ्या भागात तसेच ढकलण्यापेक्षा थांबून पहिला भाग नीट करणे बरे. दुसऱ्या भागात ‘डी’ आला, तर मग एका ग्रेडचा प्रश्न उरत नाही.

उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात तो कोर्स स्वस्तात करता येतो, हेही अनेक जण विचारतात. काही मेडिकल कॉलेजे ते स्वीकारतात, काही नाराजीने स्वीकारतात. ज्या विषयात मूळ विद्यापीठात ‘सी’ आला, तोच विषय तुलनेने सोप्या समजल्या जाणाऱ्या ठिकाणी करून ‘ए’ आणला, तर वाचणाऱ्याच्या मनात शंका उरते. कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची असेल, तर ते कारण न संकोचता अर्जात लिहावे. ते समितीला समजते.

ग्रेड घसरते आहे हे सेमिस्टर चालू असतानाच दिसले, तर कोर्स सोडावा का?

मुदतीत कोर्स सोडल्यास ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ येतो. तो जीपीएत मोजला जात नाही. चार वर्षांत एखादा ‘डब्ल्यू’ असल्याने काहीही बिघडत नाही. दरवर्षी एक याप्रमाणे असतील तर विद्यार्थी अवघड प्रसंगी काढता पाय घेतो असे चित्र उभे राहते. दुसऱ्या मिडटर्मनंतर ‘डी’ किंवा ‘एफ’ची शक्यता दिसत असेल, तर ‘डब्ल्यू’ घ्यावा. ‘बी मायनस’ आणि ‘सी प्लस’ यांच्यामध्ये कुठेतरी असाल, तर टिकून राहावे.

कोर्स सोडण्याची शेवटची तारीख रजिस्ट्रारच्या कॅलेंडरवर असते आणि ती पुष्कळदा दुसऱ्या मिडटर्मचा निकाल लागण्याच्या सुमारासच येते. ती तारीख सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर लिहून ठेवावी. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरील विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यायची आहे: पदवीच्या विद्यार्थ्याला सामान्यतः किमान १२ क्रेडिट्स ठेवावी लागतात, आणि त्याखाली जायचे असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी कोर्स सोडण्याआधी घ्यावी लागते, नंतर नव्हे. शिष्यवृत्तीलाही अशीच अट असू शकते.

ग्रेडऐवजी ‘पास-फेल’ घेता येईल का?

अनिवार्य विषयांत घेऊ नये. बहुतेक मेडिकल कॉलेजे तेथे ग्रेड मागतात. कोविडमुळे २०२० च्या स्प्रिंग सेमिस्टरला जी सूट मिळाली होती, ती त्या काळापुरती होती.

‘सी’नंतरच्या सेमिस्टरमध्ये काय करावे?

प्रवेश समित्यांना ‘सी’पेक्षा ‘सी’च्या पुढची ओळ वाचण्यात अधिक रस असतो. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी घसरण आणि नंतर सलग चढण असेल, तर तो आलेख समजण्यासारखा असतो. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, अर्ज भरण्याच्या तोंडावर आलेला ‘सी’ अधिक बोचतो, कारण त्यानंतर दाखवायला काही उरलेले नसते. अशा वेळी घाई न करता एक वर्ष थांबून अर्ज करणे शहाणपणाचे असते. पदवीनंतर एक-दोन वर्षे काम करून मग मेडिकलला जाणारे विद्यार्थी आता पुष्कळ आहेत. आपल्याकडे ‘ड्रॉप घेतला’ या शब्दांना जो कमीपणा चिकटला आहे, तो येथे नाही.

माझ्या मुलीचे उदाहरण सांगते, कारण नेमके काय बदलावे लागते ते त्यातून दिसेल. ऑरगॅनिकच्या दुसऱ्या मिडटर्ममध्ये तिला १०० पैकी ४१ मिळाले आणि शेवटी ग्रेड ‘सी’ आली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने तो पेपर आणि अभिक्रियांचे दोनशेच्या वर कार्ड असलेला गठ्ठा ठेवला. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, सगळी पाठ. मी केमिस्ट्री शिकलेली नाही, पण तिला कोरा कागद दिला आणि चुकलेल्या एका प्रश्नाचे मेकॅनिझम मला समजावून सांगायला सांगितले. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारा पहिला बाण काढताना तिचा हात थांबला. अभिक्रियेचे उत्तर तिला ठाऊक होते, पण ती का घडते हे ठाऊक नव्हते. चुकलेल्या नऊ प्रश्नांपैकी सात प्रश्न याच प्रकारचे निघाले.

पुढच्या सेमिस्टरला तिने कार्डे बंद केली. आठवड्यातून दोनदा प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जाऊन फळ्यावर मेकॅनिझम काढायचे, चुकले की तेथेच दुरुस्त करायचे, असा नेम धरला. लॅबमधली नोकरी आठवड्याला बारा तासांवरून सहावर आणली. ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागात ‘बी प्लस’ आणि बायोकेमिस्ट्रीत ‘ए’ आला. ‘जास्त अभ्यास कर’ हा सल्ला तिला पहिल्या सेमिस्टरमध्येही मिळत होता आणि ती तेव्हाही रात्री दोनपर्यंत अभ्यास करत होती.

एमकॅटचे चांगले गुण ‘सी’ भरून काढतात का?

पुसत नाहीत, पण त्याचा अर्थ बदलू शकतात. एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८ या मर्यादेत असतात आणि परीक्षेचे चार विभाग असतात. केमिस्ट्री-फिजिक्सच्या विभागात ऑरगॅनिकचा वाटा साधारण १५ टक्के आणि बायोलॉजीच्या विभागात साधारण ५ टक्के असतो, तर बायोकेमिस्ट्रीचा वाटा या दोन्ही विभागांत प्रत्येकी सुमारे २५ टक्के असतो. म्हणून बायोकेमिस्ट्री नीट शिकण्याचा फायदा ट्रान्सक्रिप्ट आणि एमकॅट या दोन्हींत होतो. ऑरगॅनिकमध्ये ‘सी’ आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या विभागात १३२ पैकी १२९ किंवा १३० असतील, तर विषयाचे ज्ञान कच्चे आहे असे कोणी म्हणू शकत नाही.

परीक्षा पुनःपुन्हा देऊन बघू, असा विचार मात्र करू नये. वर्षात ३, सलग दोन वर्षांत ४ आणि आयुष्यात ७ इतकेच प्रयत्न मिळतात, आणि कॉलेजांना ते सगळे दिसतात.

अर्जात या ‘सी’चा खुलासा करावा का, आणि कुठे?

पर्सनल स्टेटमेंटमध्ये शक्यतो करू नये. तेथे मोकळ्या जागांसह ५,३०० अक्षरांची मर्यादा असते आणि डॉक्टर का व्हायचे आहे हे सांगायलाच ती अपुरी पडते. त्यातली पाचशे अक्षरे एका ग्रेडवर खर्च केली, की वाचणाऱ्याने ज्याकडे कदाचित ओझरते पाहिले असते त्याकडे तुम्ही स्वतःच बोट दाखवता.

पहिल्या अर्जानंतर बहुतेक कॉलेजे स्वतःची स्वतंत्र ‘सेकंडरी’ (पूरक अर्ज) पाठवतात आणि त्यात शैक्षणिक चढउतारांविषयी स्पष्टीकरण द्यायचे आहे का, असा प्रश्न बऱ्याच वेळा असतो. खुलाशाची जागा ती. एकाच ‘सी’साठी तीन-चार वाक्ये पुरतात. काय घडले, त्यात आपला वाटा कोणता, नंतर काय बदलले आणि त्याचा पुरावा कोणता, एवढे आले पाहिजे. ‘प्रोफेसर फार कडक होते आणि संपूर्ण वर्गाची सरासरीच कमी होती’ हे वाक्य खरे असले तरी लिहू नये, कारण त्याच वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज समितीच्या टेबलावर असू शकतो. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘पहिल्या सेमिस्टरमध्ये मी मेकॅनिझम समजून न घेता अभिक्रिया पाठ केल्या, आणि मदत मागायला उशीर केला. त्यानंतर मी नियमितपणे ऑफिस अवर्सना जाऊ लागलो आणि कामाचे तास कमी केले. दुसऱ्या भागातील आणि बायोकेमिस्ट्रीतील माझ्या ग्रेड या बदलानंतरच्या आहेत.’

आजारपण, घरातील मृत्यू, आईवडिलांची नोकरी जाणे अशी कारणे असतील, तर ती नि:संकोच पण मोजक्या शब्दांत लिहावीत. मराठी घरांत, विशेषतः मानसिक आजाराविषयी, ‘ते लिहू नकोस’ असा आग्रह असतो. काय उघड करायचे हा निर्णय विद्यार्थ्याचा आहे. तपशील न देता ‘प्रकृतीचे कारण होते, उपचार घेतले, आता सर्व सुरळीत आहे’ एवढे लिहिणेही पुरेसे असते.

येथे आणखी एक गोष्ट वेगळी ओळखावी. निव्वळ ‘सी’ वेगळा जाहीर करावा लागत नाही, तो ट्रान्सक्रिप्टवर असतोच. परंतु कमी जीपीएमुळे कॉलेजने ॲकॅडमिक प्रोबेशनसारखी औपचारिक कारवाई केली असेल, किंवा नक्कल केल्याबद्दल शिक्षा झाली असेल, तर अर्जात तसे सांगणे बंधनकारक आहे. ते लपवणे हे कुठल्याही ग्रेडपेक्षा घातक ठरते.

ज्या प्रोफेसरांकडे ‘सी’ आला, त्यांच्याकडूनच शिफारसपत्र घ्यावे का?

विद्यार्थी त्यांच्याकडे नंतरही जात राहिला असेल आणि त्यांनी बदल स्वतः पाहिला असेल, तर अवश्य विचारावे. ‘हा विद्यार्थी सेमिस्टर संपल्यावरही येत राहिला’ असे प्रोफेसरांनी लिहिणे आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिणे, यांत मोठा फरक असतो. मात्र ‘तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का’ असे थेट विचारावे आणि उत्तर देताना ते घुटमळले, तर आभार मानून दुसरीकडे जावे.

हायस्कूलमधल्या ग्रेड मेडिकलच्या अर्जात येतात का?

हायस्कूलच्या येत नाहीत. पण हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजातून ‘ड्युअल एनरोलमेंट’चे जे कोर्स केले, ते कॉलेजचे कोर्स असल्यामुळे येतात, आणि त्यांची ट्रान्सक्रिप्ट द्यावीच लागते. सोळाव्या वर्षी सहज म्हणून घेतलेल्या कॅल्क्युलसमधला ‘सी’ सहा वर्षांनी बीसीपीएममध्ये उगवतो. मुलाला पुढे ठेवण्याच्या उत्साहात असे कोर्स घ्यायला लावणाऱ्या पालकांनी हे आधी लक्षात घ्यावे.

बीएस-एमडी कार्यक्रमात असलेल्या विद्यार्थ्याला ‘सी’ आला तर?

हायस्कूलनंतर थेट मेडिकलची जागा राखून ठेवणाऱ्या या कार्यक्रमांत किमान जीपीएची, आणि काही ठिकाणी प्रत्येक अनिवार्य कोर्समधील किमान ग्रेडची, लेखी अट असते. एक ‘सी’ सर्वांत महाग पडतो तो येथेच. त्याच आठवड्यात कराराचा कागद काढून वाचावा आणि कार्यक्रमाच्या कार्यालयाशी बोलावे.

टेक्सासमध्ये नियम वेगळे आहेत का?

टेक्सासमधील सार्वजनिक मेडिकल कॉलेजांची स्वतंत्र अर्जसेवा आहे आणि तिच्या मोजणीत ‘प्लस’ आणि ‘मायनस’ धरले जात नाहीत. ‘बी मायनस’ असलेल्याला पूर्ण ३.० मिळतात आणि ‘सी प्लस’ असलेल्याला २.० च. सीमारेषेवरच्या विद्यार्थ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

मुलगी एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे. तिला एका ‘सी’चा जास्त त्रास होईल का?

‘सी’पेक्षा व्हिसाचा दर्जा हा मोठा प्रश्न आहे, आणि हे सांगताना मला वाईट वाटते. अनेक मेडिकल कॉलेजे, विशेषतः राज्यांची सार्वजनिक कॉलेजे, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे अडकलेल्या कुटुंबांतील मुले २१ व्या वर्षी एच-४ मधून बाहेर पडतात आणि त्यांना बहुधा एफ-१ घ्यावा लागतो. येथेच बालवाडीपासून वाढलेले मूल अर्जाच्या वेळी आंतरराष्ट्रीय ठरते. कॉलेजांची यादी लहान होते, काही ठिकाणी फीची रक्कम आधीच जमा असल्याचे दाखवावे लागते, आणि अशा लहान यादीत एकेका ग्रेडचे वजन वाढते. म्हणून अशा विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय अर्ज घेणाऱ्या कॉलेजांची यादी पहिल्याच वर्षी तयार करावी आणि ‘डब्ल्यू’चा निर्णय अधिक मोकळेपणाने घ्यावा.

येथे जमले नाही, तर महाराष्ट्रात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करता येईल का?

तेथे अमेरिकेतील कॉलेजचा ‘सी’ विचारातच घेतला जात नाही. अकरावी-बारावीच्या पातळीवरील फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि त्या शिक्षणाचे समकक्षता प्रमाणपत्र लागते, आणि एनआरआय तसेच ओसीआय विद्यार्थ्यांनाही नीट अनिवार्य आहे. परंतु पुढे अमेरिकेत परत येऊन काम करायचे असेल, तर यूएसएमएलई (डॉक्टरांची परवाना परीक्षा), ईसीएफएमजी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणन आणि रेसिडेन्सी (रुग्णालयातील प्रशिक्षण) ही चढण पार करावी लागते. एका ‘सी’ला घाबरून हा रस्ता धरणे मला पटत नाही. भारतातच वैद्यकी करायची इच्छा असेल, तर गोष्ट वेगळी.

कॉलेजच्या सल्लागारांनी प्रीमेड सोडण्याचा सल्ला दिला आहे. ऐकावा का?

माझ्या मुलीलाही पहिल्या ‘सी’नंतर पंधरा मिनिटांच्या भेटीत हाच सल्ला मिळाला होता आणि ती दोन दिवस खोलीबाहेर पडली नव्हती. एका ग्रेडवर असा सल्ला देणे मला अन्यायकारक वाटते. तीन सलग सेमिस्टर विज्ञानाच्या ग्रेड खाली जात असतील, अभ्यासाची पद्धत बदलूनही फरक पडत नसेल आणि मुलगा आपण होऊन रुग्णालयात किंवा दवाखान्यात पाऊल टाकत नसेल, तर तोच सल्ला शांतपणे ऐकून घेण्यासारखा असतो. पदवी हाती आलेली असेल आणि जीपीए कमी असेल, तर पोस्ट-बॅक (पदवीनंतर घेतलेले पदवी पातळीवरचे कोर्स) किंवा मेडिकलच्या विषयांवरचा विशेष मास्टर्स हे मार्ग आहेत. मात्र मास्टर्सच्या ग्रेड ॲमकॅस वेगळ्या दाखवते, त्यांनी पदवीचा जीपीए वाढत नाही.

आम्ही आईवडील प्रोफेसरांना ईमेल करून ग्रेडविषयी विचारू शकतो का?

करू नये, आणि केला तरी उत्तर मिळण्याची शक्यता कमी. १९७४ च्या ‘फर्पा’ या संघराज्य कायद्यानुसार मूल कॉलेजात गेले, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो, फी कोणीही भरत असले तरी. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय प्रोफेसर सहसा ग्रेडवर बोलत नाहीत. ग्रेडच्या बेरजेत चूक झाल्याची शंका असेल, तर अपील विद्यार्थ्यानेच करायचे असते. त्याची मुदत अनेक ठिकाणी पुढील सेमिस्टरच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच संपते, आणि त्यासाठी तपासलेले सर्व पेपर व कोर्सचा सिलॅबस जपून ठेवलेला असावा लागतो. सुट्टीला घरी निघताना वह्या आणि पेपर डॉर्मच्या कचऱ्यात टाकण्याची मुलांना सवय असते. तुम्ही फोन करणारच असाल, तर ते पेपर बॅगेत घालून घरी घेऊन यायला सांगा.